थकायची मुभा

20 डिसेंबर 1964. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातलं एक चर्च. व्यासपीठावर कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स होते आणि बोलायला उभ्या राहिल्या मिसिसिपीहून आलेल्या फॅनी लू हेमर. वय 47. शेतमजूर आईबापांचं विसावं अपत्य. कापूस वेचायला लागल्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. लहानपणच्या पोलिओने एक पाय अधू होताच, त्यात दीड वर्षापूर्वी विनोनाच्या तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांच्या हाती सोटा देऊन त्यांना झोडपून घेतलं होतं. मूत्रपिंड दुखावलं, डोळ्यामागे रक्त साकळलं. काळ्या माणसांनी मतदार म्हणून नाव नोंदवावं यासाठी त्या गावोगाव हिंडत होत्या, एवढाच गुन्हा. त्या रात्री हेमर म्हणाल्या, आजारी असण्याचा आणि थकून जाण्याचाच मला आता वीट आलाय.

हे वाक्य पुढे घोषणा झालं. फलकांवर चढलं, टी-शर्टांवर आलं, रूलव्हिल गावातल्या त्यांच्या थडग्याच्या दगडावरही तेच कोरलेलं आहे. घोषणा म्हणून ते जोरकस आहेच. मला मात्र त्यात आधी एका रुग्णबाईचं गाऱ्हाणं ऐकू येतं. 1961 साली गर्भाशयातली गाठ काढायची म्हणून हेमर इस्पितळात गेल्या आणि डॉक्टरांनी त्यांना न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. स्वतःच्या शरीरातून काय गेलं हे त्यांना मळ्यावरच्या कुजबुजीतून कळलं. दक्षिणेत हे इतकं सर्रास चालायचं की लोकांनी त्याला ‘मिसिसिपीचं अपेंडिक्स ऑपरेशन’ असं नावच पाडलं होतं. दत्तक घेतलेल्या दोन मुलींपैकी थोरली 1967 मध्ये गेली, मग तिच्या दोन पोरी हेमरनी वाढवल्या. 1969 मध्ये भुकेल्या कुटुंबांसाठी सहकारी शेती उभी केली, डुकरांची पिल्लं वाटायची ‘पिग बँक’ चालवली. आणि 1977 च्या मार्चमध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, कर्करोग आणि रक्तदाबाने त्या गेल्या. एकोणसाठ! आमच्याकडे या वयात बायका निवृत्त होऊन अष्टविनायकाला निघतात.

हेमरांविषयी जे जे छापून येतं त्यात एक शब्द ठरलेला असतो: कणखर. तो खोटा नाही. पण गेली काही वर्षं या बायकांविषयी वाचताना आणि त्यांच्यामध्ये राहताना माझी खात्री होत गेली आहे की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवर लादलेल्या ओझ्यांमध्ये हे कौतुकाचं ओझंही फार जड आहे. कणखर बाईला कोणी विचारत नाही, दुखतंय का म्हणून.

या न विचारण्याचा इतिहास जुना आहे. 1840 च्या दशकात अलाबामातल्या माँटगमेरी शहरात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. बाळंतपणात झालेल्या जखमेमुळे लघवीवरचा ताबा सुटलेल्या त्या बायका. भूल न देता. तिघींची नावं त्याच्याच लिखाणातून आपल्यापर्यंत पोचली आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, पहिल्या वेळी ती जेमतेम सतरा वर्षांची होती. सिम्सला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवलं गेलं, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी त्याचा पुतळा होता. तो हलवायला 2018 साल उजाडलं. काळ्या बायकांना गोऱ्या बायकांइतकं दुखत नाही, ही समजूत त्या काळच्या वैद्यकात पक्की होती. ती गेली असेल असं वाटतं ना? 2016 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दिली. काळ्या माणसांची कातडी जाड असते, असल्या विधानांपैकी निदान एक तरी खरं मानणारे जवळजवळ निम्मे निघाले. आणि ज्यांचा अशा गोष्टींवर विश्वास होता त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी मोजली.

म्हणजे कणखरपणाचं कौतुक आणि वेदनेकडे पाठ फिरवणं ही एकाच घरची भावंडं आहेत.

मी अटलांटात राहते. आमच्या शेजारी एक बाई आहेत, सत्तरीच्या आसपासच्या, आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेल्या. इथे दक्षिणेत वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी ‘मिस’ लावतात. मीही तशीच हाक मारते, मनात मात्र त्या माझ्या मावशीच आहेत. मावशींची आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जायची. सकाळी दुसऱ्यांची लेकरं न्हाऊमाखू घालून संध्याकाळी घरी आल्यावर तिच्यात स्वतःच्या लेकरांसाठी काही उरत नसे, हे त्या अगदी कोरड्या आवाजात सांगतात. ‘कशा आहात?’ असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘देवाची कृपा आहे.’ अख्ख्या दक्षिणेत चर्चला जाणाऱ्या बायका असंच म्हणतात.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र असतं आणि शेजारी लाल पुठ्ठ्याची वही. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, सगळं नर्सच्या सुबक अक्षरात. शेवटचा एक रकाना त्यांनी स्वतः आखून घेतलाय, कारणाचा. ‘भाच्याचा फोन.’ ‘गॅसचं बिल.’ ‘चर्चची मीटिंग.’ ‘झोप नाही.’ एका पानावर 168/102 असा आकडा होता आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘मंगळवार’. मी विचारलं, मंगळवारी काय झालं होतं? म्हणाल्या, काहीच झालं नव्हतं बाळा, तेच तर.

या ‘काहीच नाही’मागचं शास्त्र आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने मांडलं आहे. तिला 1992 मध्ये बाळंतपणाच्या आकडेवारीत एक उलटी गोष्ट दिसली. गोऱ्या स्त्रियांमध्ये अगदी कोवळ्या वयातल्या आयांपेक्षा विशीतल्या आयांची बाळं जास्त तगत होती. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र विशीतच आईचं वय वाढावं तशी बाळाची स्थिती बिघडत होती. तिचा निष्कर्ष असा की रोजचा वर्णद्वेष, पैशाची ओढाताण आणि सतत सावध राहण्याचा ताण शरीर झिजवतो, वयाआधी म्हातारं करतो. तरुण दिसणाऱ्या बाईच्या आतलं शरीर थकलेलं असतं. पैसा आणि प्रसिद्धी आली म्हणून यातून सुटका होत नाही. 2017 मध्ये सेरेना विल्यम्सला मुलगी झाली तेव्हा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचं तिला स्वतःला कळलं होतं, पूर्वी तिला तो त्रास झालेला होता, तरी तपासणीसाठी तिला हट्टच धरावा लागला. ज्यांना कोणी सेरेना म्हणून ओळखत नाही त्यांचं काय होतं ते सरकारी आकड्यांत आहे: 2023 साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 14.5.

आता ज्या बाईसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. बिली एव्हरी. आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावात एका इस्पितळाच्या बालमानसोपचार विभागात त्या शिकवायच्या. 1970 मध्ये त्यांचा नवरा हृदयविकाराच्या झटक्याने गेला, वय फक्त 33. रक्तदाब वाढलेला आहे हे त्याला माहीत होतं, पण त्यासाठी जगण्याची रीत बदलावी लागते हे दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. पदरात दोन मुलं. शिकलेली माणसं असूनही आपल्या शरीराबद्दल आपण इतके अडाणी कसे, हा प्रश्न एव्हरींना सोडेना. त्यांनी मैत्रिणींबरोबर 1974 मध्ये स्त्रियांसाठी आरोग्यकेंद्र काढलं, 1978 मध्ये बाळंतपणाचं केंद्र काढलं.

मग एका सरकारी पाहणीतला आकडा त्यांच्या नजरेस पडला. 18 ते 25 वयाच्या कृष्णवर्णीय मुलींपैकी अर्ध्याहून अधिक जणींनी आपण मानसिक क्लेशात आहोत असं नोंदवलं होतं. सगळं आयुष्य पुढे पडलेल्या मुली या! एव्हरींनी ठरवलं की रक्तदाब, साखर, वजन यांवर भाषणं ठोकत बसण्यात अर्थ नाही, आधी या बायकांना काय सलतंय ते ऐकायला हवं. जून 1983 मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात त्यांनी परिषद भरवली. स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींसाठीचं ऐतिहासिक कॉलेज. दीड हजारांहून अधिक बायका लोटल्या. शेतमजूर होत्या, प्राध्यापक होत्या, सरकारी मदतीवर जगणाऱ्या होत्या. परिषदेचं ब्रीदवाक्य कोणतं असणार? हेमरांचंच.

तिथे लिली अ‍ॅलन यांनी एक सत्र घेतलं. विषय साधा: काळी आणि बाई असणं म्हणजे प्रत्यक्षात काय? त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका बोलू लागल्या, रडू लागल्या. घरातली मारहाण, लहानपणी जवळच्याच माणसाने केलेले अत्याचार, पोटच्या मुलीला सांगता न आलेल्या गोष्टी. एव्हरींनी पुढे लिहिलं आहे की आरोग्याचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न कोणता असं त्यांनी बायकांना विचारलं, तेव्हा रोगांची नावं आली नाहीत, उत्तर आलं हिंसा. आणि तिच्याविषयी सगळ्यांनी मिळून पाळलेलं मौन.

त्या परिषदेतून नॅशनल ब्लॅक विमेन्स हेल्थ प्रोजेक्ट ही संघटना उभी राहिली आणि गावोगाव स्वमदत गट निघाले. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, चर्चच्या तळघरात, सार्वजनिक वसाहतीच्या खोलीत बायका जमायच्या. कामाची पद्धत ऐकायला फार साधी वाटते. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. ‘माझं तर याहून वाईट झालं’ म्हणून मध्ये तोंड घालायचं नाही. ‘तू खंबीर आहेस, निभावशील’ असंही म्हणायचं नाही. मला या शेवटच्या अटीचं महत्त्व फार वाटतं. मायेने काढलेला धीराचा शब्द कित्येकदा समोरच्या बाईचं बोलणं मध्येच तोडतो. तिच्या डोळ्यांत पाणी येण्याआधीच आपण तिला उभी करून टाकतो.

हे घरातलं बाहेर बोलणं या बायकांना किती जड गेलं असेल! काळ्या पुरुषाविरुद्ध पोलिसात जावं तर तो जिवंत परत येईल की नाही याची शाश्वती नाही. घरातली मारहाण चारचौघांत सांगावी तर आधीच ‘ते लोक असेच’ म्हणायला टपलेल्या गोऱ्या समाजाच्या हाती कोलीत. चर्चमध्ये सांगावं तर प्रार्थना कर, हे उत्तर. समाजाची अब्रू राखायचं काम नेमकं त्यांच्याकडे आलं होतं, ज्यांची स्वतःची अब्रू राखायला कोणी नव्हतं. रोझा पार्क्सना हे पक्कं माहीत होतं. बसमधल्या जागेवरून गोऱ्या प्रवाशासाठी त्या उठल्या नाहीत त्याच्या अकरा वर्षं आधी, 1944 मध्ये, अलाबामातल्या अ‍ॅबव्हिल गावी रेसी टेलर या 24 वर्षांच्या विवाहितेवर गोऱ्या तरुणांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा तिची जबानी घ्यायला गेलेल्या कार्यकर्त्या पार्क्सच होत्या. त्या तरुणांना शिक्षा झाली नाही. अलाबामाच्या विधिमंडळाने टेलरबाईंची माफी मागितली ती 2011 मध्ये.

पार्क्सबाईंची गोष्ट शाळेत सांगतात तेव्हा त्या दिवसभर काम करून दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असं सांगतात. त्यांनी स्वतः ते खोडून काढलं आहे: शरीराने त्या रोजच्यापेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या, नमतं घेऊन दमल्या होत्या. पुढे नोकरी गेली, धमक्या आल्या, झोप उडाली, पोटात अल्सर झाला. 1957 मध्ये त्या डेट्रॉइटला गेल्या. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात त्यांच्या कागदपत्रांमध्ये 1973 सालचा एक फोटो आहे, त्यात साठीच्या रोझा पार्क्स योगासन करताहेत. पाठ्यपुस्तकातल्या बसमधल्या चित्राच्या शेजारी हाही फोटो छापावा असं मला मनापासून वाटतं.

कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचं एक वाक्य आज मगांवर, पिशव्यांवर दिसतं: स्वतःची काळजी घेणं हा चोचला नाही, ते टिकून राहणं आहे आणि म्हणूनच ती राजकीय लढाई आहे. सुगंधी मेणबत्त्या विकायला ते वापरलं जातं याचं मला वाईट वाटतं. ते वाक्य यकृतात कर्करोग पसरलेल्या बाईने लिहिलेलं आहे. त्याआधी 1978 मध्ये त्यांचा उजवा स्तन काढला होता. इस्पितळात एक भली बाई गुलाबीसर रंगाचा कृत्रिम स्तन घेऊन आली, तो रंग अर्थातच लॉर्डबाईंच्या कातडीचा नव्हता. काही दिवसांनी त्या नटूनथटून, एकाच कानात लांब डूल घालून तपासणीला गेल्या. ब्लाउजची एक बाजू सपाट. नर्स म्हणाली, काहीतरी लावून येत चला, नाहीतर इथल्या बाकीच्यांचं मनोधैर्य खचतं. लॉर्डबाईंनी लावलं नाही. आपल्यासारख्या सगळ्या बायका आपलं गेलेलं अंग झाकून फिरणार असतील तर आम्ही एकमेकींना ओळखणार कशा, हा त्यांचा प्रश्न होता. बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं दिसणं नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही.

लेखिका बेल हुक्स यांनीही 1980 च्या दशकात येल विद्यापीठात शिकवताना कृष्णवर्णीय विद्यार्थिनींसाठी आधारगट सुरू केला. वर्गात हुशार, बोलायला तडफदार अशा या मुली खोलीवर जाऊन कोसळत होत्या. त्या गटाच्या अनुभवातून 1993 मध्ये पुस्तक झालं आणि त्याचं पहिलंच प्रकरण खरं बोलण्याविषयी आहे. गुलामगिरीत खोटा चेहरा लावणं हा जगण्याचा मार्ग होता. मालकासमोर हसायचं, आत काय चाललंय ते कळू द्यायचं नाही. तोच चेहरा पुढे घरात आला, आई-मुलीत आला, आणि मग आरशासमोरही निघेना.

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना आपल्याकडचं आठवणारच. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, म्हणजे हा धागा दीडशे वर्षांचा आहे. दलित स्त्रियांनी मराठीत आत्मकथनं लिहिली तेव्हा त्यांनीही बाहेरच्या जाचाबरोबर घरातला मार लिहिला आणि त्याबद्दल बोल ऐकून घेतले. पण या साम्यावर मी फार रेंगाळणार नाही. अमेरिकेतल्या बाईच्या दुःखातून आपल्याला प्रेरणा घ्यायची घाई असते, आणि प्रेरणास्थान होणं हेही पुन्हा एक कामच तिच्या गळ्यात पडतं.

जुलै 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची कृष्णवर्णीय जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. हवेत असताना शरीर कुठे आहे याचं भान सुटत होतं, मान मोडली असती. तरीही ‘देशाला दगा दिला’ म्हणणारे कमी नव्हते. दोनच महिन्यांनी ती सिनेटच्या समितीपुढे बसली आणि संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल, त्याला पाठीशी घालणाऱ्या व्यवस्थेबद्दल बोलली. बोलताना रडली. चोवीस वर्षांची मुलगी. मला तिची पदकं आठवत नाहीत, तिने थांबणं आणि तिने रडणं आठवतं. हेमरांच्या पिढीला या दोन्हींतलं काही परवडलं नसतं.

मावशी आता दर शनिवारी सकाळी चालायला जातात. 2010 मध्ये दोन मैत्रिणींनी सुरू केलेल्या गर्लट्रेक या चळवळीचा एक गट आमच्या भागात आहे. देशभरात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रिया तिच्याशी जोडलेल्या आहेत. निळे टी-शर्ट, डोक्याला रुमाल, बोलत बोलत चालणं. चालणं अर्धं, बोलणं अर्धं. एकदा मीही बरोबर गेले, मागून चालत होते. पुढे एक तरुणी मावशींना सांगत होती की रात्री झोपेत दात आवळले जाऊन एक दाढ चिरली. मावशींनी तिला देवाची आठवण करून दिली नाही. ‘मग?’ एवढंच म्हणाल्या. ती आणखी मैलभर बोलत राहिली.

त्यांच्या चर्चचा वार्षिक मेळावा ऑगस्टमध्ये असतो. दूरदूर पांगलेली घरं त्या रविवारी परत येतात आणि दोनशे पानं उठतात. स्वयंपाकघर मावशींचंच, कोणी विचारायचीसुद्धा गरज नव्हती. यंदा त्यांनी आधीच कळवलं की मी जेवायला येईन, रांधायला येणार नाही. पाठोपाठ फोन आले. तब्येत बरी नाही का? बरी आहे. कोणी काही बोललं का? नाही. मग काय झालं? ‘काही झालं नाही, मी थकलेय.’ पाद्रीबुवांना सांगितलं, समितीच्या अध्यक्षबाईंना सांगितलं, धाकट्या बहिणीलाही सांगितलं, आणि तिने सर्वांत जास्त वाद घातला.

शेवटचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच टेबलाशी बसले होते. चर्चमधलीच एक चाळिशीची बाई, पुढची जबाबदारी जिच्यावर येणार अशी. मावशींनी वही बाजूला सारली, खुर्ची ओढून नीट बसल्या. पलीकडून विचारणा होती की मावशी, हे तुम्ही सांगितलंत कसं, नेमक्या कोणत्या शब्दांत? मावशी म्हणाल्या, ‘लिहून घे.’